ईबी-फाइव्हच्या दोन रांगा

मंडळी, ईबी-फाइव्हमध्ये, म्हणजे गुंतवणूक करून अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळवण्याच्या योजनेत, पैसे घातलेल्या घरांतून मला सारखं विचारलं जातं, पिटिशन (गुंतवणूकदाराचा पहिला अर्ज) पडून आहे, कोर्टात जायचं का? मी आधी विचारते, तुम्ही अडकलाय कुठल्या रांगेत?

एक रांग पिटिशन तपासून घेण्याची, ती यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे. दुसरी व्हिसा नंबरची, म्हणजे ग्रीन कार्डाच्या मर्यादित कोट्यात जागा मिळण्याची. तिथे देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची गर्दी होते. ३१ मार्च २०२० पासून खातं ज्यांच्या देशाला व्हिसा उपलब्ध आहे त्यांच्या फायली आधी घेतं. २०२२च्या कायद्याने २० टक्के व्हिसा ग्रामीण भागातल्या प्रकल्पांसाठी राखून ठेवले आणि त्या पिटिशनना तपासणीतही प्राधान्य दिलं. शेजाऱ्याचं काम आधी झालं, यामागे बरेचदा एवढंच असतं.

घरात वयात येणारं मूल असेल तर घाई करण्याआधी हिशेब मांडा. एकविसाव्या वर्षी मूल आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. पण पिटिशन जितका काळ तपासणीत होती, तितका काळ त्याच्या वयातून वजा होतो. समजा, मुलगी एकोणीसची असताना पिटिशन भरली. मंजुरीला तीन वर्षं लागली आणि त्या दिवशी व्हिसाही उपलब्ध होता, तर बावीसमधून तीन गेले, ती कायद्याने एकोणीसचीच. आता समजा, खटपट करून वर्षभरात मंजुरी आणली, पण व्हिसा नंबर यायला पुढे तीन वर्षं गेली. तेविसातून एकच वर्ष वजा. मुलगी बाहेर! कोर्टात धाव घेऊन आपणच लेकराचं नुकसान करायचं का? मला याची फार काळजी वाटते, कारण हे वेळेवर कुणी सांगत नाही.

नंबर उपलब्ध असूनही फाईल हलत नसेल तर मात्र जरूर लढा. खात्याने जाहीर केलेला कालावधी उलटला की आधी लेखी चौकशी करा. मग मँडॅमस, म्हणजे खात्याला निर्णय घ्यायला लावण्यासाठी कोर्टात केलेला दावा. त्यात न्यायाधीश ‘निर्णय घ्या’ एवढंच सांगू शकतात, ‘मंजूर करा’ असं नाही. १९८४च्या ट्रॅक खटल्यातल्या कसोट्या लावून ते बघतात की उशीर अवाजवी आहे का आणि तुम्हाला पुढे घेतलं तर बाकीच्यांचं काय. तेव्हा तुमचं नेमकं काय बिघडतंय याचे कागद जमवून ठेवा.

पैशांच्या कागदांवरून शंका निघाली की आणखी उशीर होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, त्यामुळे गुंतवणुकीचे आठ लाख डॉलर जमवायला भाऊ, आई, सासरे सगळे येतात. प्रत्येकाचा पैसा कुठून आला ते दाखवा. जमीन विकली असेल तर सातबारा आणि खरेदीखत, इंग्रजी भाषांतरासह, पहिल्याच दिवशी जोडा.

अमेरिकेतच असाल आणि व्हिसा उपलब्ध असेल, तर ग्रीन कार्डाचा अर्जही सोबत भरता येतो. त्यावर कामाचा परवाना मिळतो, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली तरी घर तगून राहतं. आणि कुणाचा नंबर लागला ते सांगणारं दर महिन्याचं सरकारी व्हिसा बुलेटिन बघा. पिटिशन मंजूर होऊन नंबर लागल्यापासून एका वर्षात मुलासाठी पुढचं पाऊल उचललं नाही, तर वजा केलेली ती वर्षं सहसा हातची जातात.