जाड, पण कच्चं हाड

[सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचा काप]

गुलाबी दिसतंय ते हाड, पॅजेट नावाचा हाडांचा आजार झालेल्या माणसाचं. त्याच्या काठाला खळगा करून बसलेली ही मोठी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. जुनं हाड विरघळवायचं, हे तिचं काम. निरोगी माणसात तिच्या पोटात पाच-दहा केंद्रकं असतात, फार तर वीस. पॅजेटच्या आजारात ती शंभरापर्यंतही जातात.

हाड आयुष्यभर असं खणलं आणि भरलं जातं. एका जागी खणायला दोन-तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. या आजारात खणणं बेसुमार, म्हणून भरणंही घाईचं. निळ्या रेषांनी जोडलेले हे वेडेवाकडे तुकडे बघा, गच्चीवरच्या चायना मोझॅकसारखे. हाड फुगतं, त्यात रक्तवाहिन्या वाढतात, त्वचेला हात लावला तर गरम लागतं. ताकद मात्र घटलेली.

[नडगीचा एक्स-रे]

आजार बहुधा हाडाच्या एका टोकाला सुरू होतो आणि पुढे सरकतो. ही व्हीच्या आकाराची काळी कड वर्षाला साधारण एक सेंटिमीटर पुढे जाते. मागे राहिलेलं हाड पांढरं, जाड, बाक आलेलं. बाकाच्या बाहेरच्या बाजूला या बारीक आडव्या भेगा आहेत. नेमक्या तिथेच दुखायला लागलं तर पायावर भार टाकू नये, लगेच दाखवावं.

[जुनी छापील पानं]

लंडनचे शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी 1876 मध्ये हा आजार मांडला. त्यांच्या एका रुग्णाला दरवेळी मोठी टोपी घ्यावी लागे, इतकी कवटी वाढत होती. पॅजेटना ही हाडाची जुनाट सूज वाटली. ती तशी नाही. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये हा आजार सर्वाधिक आढळला. काही कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. त्यामागचा एसक्यूएसटीएम1 जनुकातला दोष 2002 मध्ये सापडला. भारतात तो विरळा. म्हणूनच म्हाताऱ्या पुरुषाच्या कमरेच्या हाडात पांढरा डाग दिसला की आधी प्रोस्टेटचा कॅन्सर पसरल्याची शंका येते. ती तपासायलाच हवी, पण पॅजेटही यादीत असू द्या.

[गॅमा कॅमेरा]

शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं इंजेक्शन, भरपूर पाणी, सुमारे तीन तासांनी लघवी करून टेबलावर. चित्रात काळं दिसेल तिथे हाडाचं खणणं-भरणं जास्त. मग तेवढ्याच हाडांचे एक्स-रे. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाड भरताना वाढणारं एन्झाइम, वाढलेलं असतं. पण ते यकृतातूनही येतं, त्यामुळे सोबत जीजीटी ही यकृताची चाचणी बघावी. एकच छोटं हाड बाधित असेल, तर हा आकडा नॉर्मलही येतो. तेवढ्यावरून आजार नाही असं म्हणू नये.

[सलाईन]

झोलेड्रोनिक ॲसिड, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना आवरणारं औषध, 5 मिलिग्रॅम, एकदाच; किमान 15 मिनिटं लावून. घाई केली तर मूत्रपिंडाला त्रास. मूत्रपिंडाची क्षमता सांगणारा क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला 35 मिलिलिटरच्या खाली असेल तर देत नाहीत. आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून घ्यायचं, नाहीतर कॅल्शियम घसरून ओठांभोवती मुंग्या येतात, हातपाय आखडतात. दात काढायचा असेल तर तो आधीच. नंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी, पॅरासिटामॉल पुरतं.

दुखणं कमी होतं. आलेला बाक मात्र जात नाही, आणि कवटीतल्या आजाराने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. खुब्याची झीज, फ्रॅक्चर, क्वचित हाडाचा कॅन्सर, हेही असतं.

तीन ते सहा महिन्यांनी अल्कलाइन फॉस्फेटेज पुन्हा तपासायचं. एका डोसावर अनेकांना कित्येक वर्षं निघतात. दुखणं परत आलं, तरच पुढच्या डोसाचा विचार.