सलाफहादाच्या पाच मुली: मोशेसमोर उभं राहून हिस्सा मागणाऱ्या बहिणी

सलाम मंडळी. बायबलमधल्या धाडसी बायका म्हटलं की एस्तेर आठवते, दबोरा आठवते, तंबूची मेख घेतलेली याएल आठवते. आज मी ज्या पाच जणींबद्दल बोलणार आहे, त्यांनी जमिनीत हिस्सा मागितला. बस्स, एवढंच केलं. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. इस्राएलच्या बारा वंशांपैकी मनश्शे वंशातल्या सलाफहादाच्या मुली. गणना पुस्तक उघडा, अध्याय 27.

ही गोष्ट उपदेशात क्वचितच ऐकू येते. तिच्या आधीचा 26 वा अध्याय म्हणजे मिसरातून निघून रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांची लांबलचक शिरगणती, आणि ती आली की आपण भराभर पानं उलटतो. पण सगळी भानगड त्या शिरगणतीतच आहे! मोजणी झाली ती वीस वर्षांवरच्या, लढाईवर जाऊ शकणाऱ्या पुरुषांची. आकडा आला 6,01,730. आणि देवाने देऊ केलेल्या कनान देशाची जमीन वाटायची ती याच यादीवरून. सलाफहाद रानातच वारला होता, त्याला मुलगा नव्हता. म्हणजे या घराच्या वाट्याला काहीच येणार नव्हतं.

मग या पाच जणी निघाल्या. कुठे? दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या पवित्र तंबूच्या दाराशी. समोर मोशे, एलाजार याजक, सगळे सरदार आणि अख्खी मंडळी. याआधी मोशेविरुद्ध बोललेल्यांचं काय झालं होतं, ते आठवा. मिर्याम, त्याची सख्खी बहीण, भाऊ अहरोनाबरोबर त्याच्याविरुद्ध बोलली आणि तिच्या अंगावर कोड फुटलं. सात दिवस छावणीबाहेर. (अहरोनाला काही झालं नाही, हे आपलं जाता जाता.) कोरह नावाच्या माणसाने मोशेविरुद्ध केलेल्या बंडातले अडीचशे जण जळून गेले. हे सगळं माहीत असताना या बहिणी तोंड उघडतात.

आणि काय मुद्देसूद बोलतात! आमचा बाप कोरहाच्या टोळीत नव्हता, हे त्या आधीच सांगून टाकतात. म्हणजे कुणी तो आक्षेप काढायच्या आत त्याची वाट बंद. तो आपल्या पापाने मेला, असंही म्हणतात. बापाला संत बनवत नाहीत. मग खरा सवाल: मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हाला त्याच्या भावांबरोबर वतन द्या. मला यात मोठी हुशारी दिसते. ‘आमचं कसं होणार’ असं त्या म्हणत नाहीत. बापाचं नाव, कूळ, वतन, समोर बसलेल्या पुरुषांना जे कळतं त्याच भाषेत त्या बोलतात.

आता विश्वासाचं बघा. ही मंडळी अजून मवाबाच्या मैदानात आहेत. यार्देन ओलांडायची आहे, पलीकडे यरीहो आहे. वाटायची जमीन अजून हातात आलेलीच नाही! आधीच्या पिढीतले लोक कनान बघून आलेल्या हेरांचं ऐकून रडले होते, दुसरा पुढारी नेमून मिसरात परत जायचं म्हणत होते. आणि या बहिणी न पाहिलेल्या जमिनीत वाटा मागतात. देवाने देईन म्हटलंय ना, मग तो देणारच. जुन्या ज्यू भाष्यकारांनीही हा फरक हेरला आहे.

मोशे स्वतः निकाल देत नाही, प्रश्न परमेश्वराकडे नेतो. उत्तर येतं: सलाफहादाच्या मुली रास्त बोलतात. आणि मग तो सगळ्यांसाठीच नियम होतो: मुलगा नसेल तर वतन मुलीला.

पण ‘मुलगा नसेल तर’, हे विसरू नका. भाऊ असलेल्या मुलीला यातून काही मिळालं नाही. आणि 36 व्या अध्यायात त्यांच्याच गिलादाच्या कुळातले वडीलधारे येतात: या मुली बाहेरच्या वंशात लग्न करतील आणि आमची जमीन जाईल. मग अट पडते, लग्न आपल्याच वंशात करा. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. स्वातंत्र्याची गोष्ट म्हणून ही सांगणाऱ्यांनी तोही अध्याय वाचावा.

तरी मला सर्वांत आवडतो तो पुढचा प्रसंग, यहोशवाच्या पुस्तकातला 17 वा अध्याय. मोशे आता नाही, त्याच्या जागी यहोशवा पुढारी आहे. जमीनवाटप सुरू आहे. या बहिणींना पुन्हा एलाजार आणि यहोशवासमोर येऊन सांगावं लागतं की आम्हाला वतन द्या, अशी आज्ञा आहे. महाराष्ट्रात हे समजावून सांगायची गरज नाही. कायद्याने हिस्सा आहे, पण सातबाऱ्यावर नाव चढलं का? की ‘भावाशी कशाला वाकडं’ म्हणत हक्कसोडपत्रावर सही झाली? या पाच जणींनी सही केली नाही. त्यांना वाटा मिळाला.

शेवटी एक गंमत. 1910 साली शोमरोनच्या (समारिया) उत्खननात शाईने लिहिलेली खापरं सापडली, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली. द्राक्षारस आणि तेल कुठून आलं, याच्या नोंदी. त्यात मनश्शेच्या मुलखातल्या भागांची नावं आहेत, आणि त्यांत दोन नावं आहेत नोआ आणि होग्ला. गावांवरून मुलींची नावं आली असंही काही अभ्यासक म्हणतात. तो वाद खुशाल चालू द्या. तिरसा नावाचं शहर तर इस्राएलच्या उत्तरेच्या राज्याची राजधानीच होतं, ओम्री राजाने शोमरोन वसवेपर्यंत.