नख पिवळं दिसलं म्हणजे बुरशीच का?

नमस्कार मंडळी! पाऊस सुरू झाला की माझ्या कमेंट्समध्ये पायाच्या अंगठ्यांचे फोटो सुरू होतात. जेवताना मोबाईल उघडायची सोय राहिलेली नाही. प्रश्न एकच, 'डॉक्टर, ही बुरशीच ना?'

ढोबळ लक्षणं तुम्हाला ठाऊक आहेत. नख पिवळट, पांढरं किंवा तपकिरी, जाड, ठिसूळ. बहुतेकदा सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून. झालं.

पण नुसत्या रंगावर जाऊ नका, नख खालून बघा! बुरशी बहुधा पुढच्या कडेखालून किंवा बाजूनं शिरते, तिथे भुसभुशीत चुरा साठतो आणि नख उचललं जातं. पिंपळगावचा द्राक्षवाला पानावर पिवळा डाग दिसला की पान उलटून डाऊनी, म्हणजे पानाखाली वाढणारा रोग, बघतो, तसंच.

एका ताईंनी नेलपॉलिश लावलेल्या नखाचाच फोटो पाठवलाय. ताई, आधी पुसा तरी! सतत पॉलिश लावूनही नख पिवळं पडतं. पण कडेखाली चुरा नसतो आणि जाडी नेहमीचीच असते. म्हणजे परत तेच, खालून बघा.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सेफ्टी शूज घालून दिवसभर उभं राहणाऱ्यांचं वेगळं. बूट लागून नखाखाली रक्त साकळतं. तो काळानिळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो, बुरशी मात्र सहसा मुळाकडे मागे जाते. फोटो काढून ठेवा, दोन महिन्यांनी ताडून बघा. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, आठवड्यात काही कळणार नाही. मात्र नखात काळी उभी रेघ नव्यानं आली असेल किंवा रुंद होत असेल, तर फोटोबिटो सोडा, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आता हेही ऐका, सोरायसिस या त्वचारोगातही नखाखाली चुरा साठतो. त्यात नखावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसू शकतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील, तर बुरशीचा संशय वाढतो. खात्री मात्र चुरा केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच. आणि लोक काय करतात? मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून महिनोन्‌महिने चोळतात! अहो, बुरशी असेल तर ती त्यानं आणखी फोफावते.

तपासणीआधी बुरशीचं औषध सुरू केलंत, तर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. नखही अगदी मुळापर्यंत कापून जाऊ नका, लॅबला चुरा लागतो. आणि तो डबीत भरून मला कुरिअर करू का, असं विचारणारे दादा, नको. लॅबमध्येच द्या.