मागचा टायर किती रुंद असावा?

मित्रहो, दीडशे ते तीनशे सीसीची स्पोर्ट मोटरसायकल चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात, मागचा टायर झिजून नवा घेण्याची वेळ आली की, या वेळी एक माप वरचा टायर टाकावा अशी इच्छा हटकून येते. मागून पाहताना रुंद टायर देखणा दिसतो हे मलाही मान्य आहे, आणि केवळ दिसण्यासाठी तो हवा असेल तर तसे स्पष्ट म्हणण्यात काही गैर नाही. मात्र रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे जे गृहीत धरले जाते ते तपासून पाहिले पाहिजे.

उदाहरणासाठी यामाहाची आर-१५ घेऊ. २००८ साली ती भारतात आली तेव्हा तिच्या मागच्या चाकाला १००/८०-१७ मापाचा टायर होता (या अंकांचा अर्थ पुढे सांगतो). २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत तो १३०/७० आर १७ झाला आणि २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत १४०/७० आर १७. पहिल्या दोन आवृत्त्यांची इंजिने जवळपास सारखीच, शक्ती सतरा पीएसच्या (मेट्रिक अश्वशक्तीच्या) आसपास. म्हणजे टायर तीस मिलिमीटरने रुंद झाला तो इंजिनाची ताकद वाढली म्हणून नव्हे. आता त्या टायरबरोबर आणखी काय काय बदलले ते पाहा. मागची रिम रुंद झाली, मागचे चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, नवा, अॅल्युमिनियमचा आला, दोन चाकांमधले अंतर १२९० वरून १३४५ मिलिमीटर झाले, पुढचा टायर ८०/९० ऐवजी ९०/८० झाला, आणि मागचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चक्र, ४२ ऐवजी ४७ दात्यांचे बसवण्यात आले. ज्या कारखान्याने ती गाडी मुळात आखली, त्यालाही टायर बदलताना एवढ्या गोष्टींना हात लावावा लागला. आपण दुकानात उभे राहून यांपैकी फक्त एकच गोष्ट बदलत असतो.

मापाचे अंक कसे वाचायचे ते थोडक्यात सांगतो. १४०/७० आर १७ यात १४० ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल (आतले धागे आडवे, कडेपासून कडेपर्यंत असलेला टायर), आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. दुसरा अंक टक्केवारी आहे हे नेमके विसरले जाते. रुंदी वाढवून टक्केवारी तीच ठेवली की उंचीही वाढते. १३०/७० टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६१४ मिलिमीटर भरतो, १४०/७० चा ६२८. हा फरक सव्वादोन टक्क्यांचा आहे आणि त्याने गाडीची मागची बाजू सात मिलिमीटर वर उचलली जाते. सव्वातेराशे मिलिमीटर अंतराच्या दोन चाकांत मागचे टोक सात मिलिमीटर उचलले की पुढच्या फोर्कचा कल सुमारे ०.३ अंशाने उभा होतो आणि ट्रेल (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तो बिंदू आणि पुढचा टायर टेकतो ती जागा यांतले अंतर) दीड-दोन मिलिमीटरने घटतो. गाडी वळणात किंचित चटकन शिरेल, सरळ वेगात किंचित चंचल वाटेल. हा परिणाम मोठा नाही, पण रुंद टायरमुळेच आला असे समजून लोक ज्याचे कौतुक करतात, तो पुष्कळदा या उंचीचा परिणाम असतो. शिवाय अंतिम गियरिंग तेवढेच लांबते, म्हणजे छोट्या इंजिनाला पिकअपमध्ये तेवढा जास्त भार पडतो. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा प्रत्यक्षापेक्षा तितका कमी दाखवू लागतो. ज्या गाडीवर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा, आहे तिथे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या गतीची तुलना सतत होत असल्यामुळे हे प्रमाण बिघडवताना जास्तच सावध राहावे.

चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या ड्यूक २०० आणि आरसी २०० या गाड्यांना मागे १५०/६०-१७ टायर असतो, आणि आर-१५च्या मालकांना तो खुणावतो. त्याचा व्यास ६१२ मिलिमीटर. म्हणजे १३०/७० वाल्याच्या दृष्टीने उंची जवळजवळ तीच राहते, पण १४०/७० वाल्याची गाडी मागून आठ मिलिमीटर खाली बसते आणि वळणात सुस्त होते. एकच टायर दोन शेजारच्या आवृत्त्यांवर वेगवेगळा परिणाम करतो, ही गोष्ट ‘बसतो, टाकून घ्या’ म्हणणारा टायरवाला सांगत नाही.

आता रिमकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. प्रत्येक मापाला रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली आहे: १३०/७०-१७ ला साडेतीन इंचांची रिम योग्य आणि तीन ते चार चालते, १४०/७०-१७ ला चार इंच योग्य, साडेतीन ते साडेचार चालते, १५०/६०-१७ हा चार इंच किंवा थोड्या अधिक रुंद रिमसाठी आखलेला असतो. आपल्या रिमची रुंदी तिच्यावरच कोरलेली किंवा उमटवलेली असते, ती आधी वाचावी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ जाताना मधली अरुंद पट्टीच झिजत राहते, आणि गाडी झुकल्यावर टायरच्या कडा ज्या कोनात रस्त्याला लागायला हव्यात त्या कोनात लागत नाहीत. पैसे देऊन विकत घेतलेली रुंदी वापरातच येत नाही, वर गंमत अशी की मोजपट्टी लावली तर १४०चा टायर तिथे १४० भरतही नाही.

पकडीबद्दल. जमिनीला टेकलेला तुकडा किती मोठा, हे प्रामुख्याने चाकावरचे वजन आणि टायरमधली हवा ठरवते. रुंदीने त्या तुकड्याचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे नाही. पकड येते ती रबराच्या मिश्रणातून, तापमानातून आणि हवेच्या दाबातून. रुंद टायरची एक किंमतही असते. झुकल्यावर टेकण्याची जागा मध्यरेषेपासून बाजूला सरकते, त्यामुळे तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी अधिक झुकवावी लागते. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर धरून हिशोब केला, तर टायर वीस मिलिमीटरने रुंद झाल्यावर पंचेचाळीस अंशांच्या आसपास साधारण एक अंश जादा झुकाव लागतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जागतिक शर्यतींमधला मोटो-३ वर्ग पाहावा. २५० सीसीची ती यंत्रे पन्नासहून अधिक अश्वशक्ती देतात, आणि डनलॉपच्या काळात, म्हणजे २०२३ पर्यंत, त्यांच्या मागच्या चाकाला ११५/७५ आर १७ टायर होता. आर-१५च्या तिप्पट ताकद, आणि टायर तिच्याहून अरुंद! पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून उतरताना पाणी बाजूला सारण्याचे काम तर अरुंद टायरला अधिकच सोपे जाते.

म्हणून माझा सल्ला असा की कंपनीने दिलेले माप ठेवावे आणि वाचलेले पैसे चांगल्या रबराच्या टायरवर घालावेत. भार आणि वेगाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. बाजूवर ६६एच लिहिले असेल तर त्याचा अर्थ ३०० किलो आणि ताशी २१० किलोमीटर. मूळ टायर रेडियल असेल तर रेडियलच घ्यावा. पुढे क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे असलेला टायर) आणि मागे रेडियल ही जोडी आर-१५च्या दुसऱ्या आवृत्तीवर कंपनीनेच दिली होती, तेव्हा तिला घाबरण्याचे कारण नाही. उलटी जोडी मात्र करू नये. टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) संकेतातले शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही पाहावेत: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

तरीही एक माप वाढवायचेच असेल, तर रिम ज्या मर्यादेत बसते तेवढेच वाढवावे, आणि गाडी दुकानाबाहेर काढण्याआधी सीटवर दोघांनी बसून सस्पेन्शन दाबलेले असताना साखळी, स्विंगआर्म आणि मडगार्ड यांच्यापासून टायर किती दूर राहतो ते पाहावे. उभ्या गाडीवर दोन-तीन मिलिमीटर मोकळे दिसणारे टायर वेगात थोडे फुगतात, आणि ढिली साखळी खड्ड्यात उसळून साइडवॉल घासते. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बरोबर बसला आहे ना आणि हवा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे भरली आहे ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नये, कारण नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो आणि तो खरवडला गेल्याशिवाय पूर्ण पकड मिळत नाही.