खाडीच्या अंगानं ठाणं

(दृश्य: कळवा पुलावरून ड्रोन, सकाळची भरती)

कळवा सुटलं की लोकलच्या दारात उभ्या असलेल्यांना क्षणभर मोकळं पाणी दिसतं. ही ठाण्याची खाडी. रोज हजारो माणसं तिच्यावरून जातात. ठाणं पाहायला आलेला पाहुणा मात्र स्टेशनाच्या पश्चिमेला उतरतो आणि तळ्याकडे नाहीतर मॉलकडे निघून जातो. त्याला खाडीकडे कुणी नेत नाही. आपण तिथूनच सुरुवात करू, कारण हे गाव या पाण्यामुळे वसलं.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. साष्टी बेटाच्या कडेला ठाणं. दक्षिणेकडून मुंबई बंदराचं पाणी इथवर चढतं. उत्तरेला उल्हास नदी वळसा घेऊन वसईच्या समुद्राकडे जाते. गलबत दोन्ही बाजूंनी आत येऊ शकत होतं, आणि पलीकडे कल्याणवरून घाटावर जाणारी वाट होतीच. सातव्या शतकात अरब आरमारानं ठाण्यावर स्वारी केल्याची नोंद आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोनं या बंदराचं वर्णन केलं.

खाली दगडी कमानी दिसतायत, तो जुना कळवा पूल, १८६३ चा. त्याच्या बाजूनं रेल्वे जाते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यात येऊन थांबली. १४ डबे, ४०० प्रवासी, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी रूळ ही खाडी ओलांडून कल्याणला पोचले. बंदराचे दिवस तिथून उतरणीला लागले.

(दृश्य: कारागृहाची तटबंदी, बाहेरून, बुरुजाचा दगड जवळून)

हा ठाण्याचा किल्ला. आत मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आपण बाहेरूनच पाहतोय. पण तट नीट पाहा. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, आणि काम पुरं होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रज आले. पुढे १७८७ मध्ये इथे पायासाठी खणताना एक ताम्रपट सापडला. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या राजा अरिकेसरीचा, इसवी सन १०१७ चा. त्यात ठाण्याचा उल्लेख श्रीस्थानक असा आहे.

पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. १८१६ साली ते याच किल्ल्यातून निसटले. बाहेर घोड्यांची देखभाल करणारा एक मोतद्दार रोज गाणं म्हणायचा आणि त्या मराठी गाण्यातून पळून जाण्याचा बेत आत पोचायचा. पहारेकरी गोरे, त्यांना भाषा कळत नव्हती. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये, आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी याच भिंतींच्या आत फाशी दिलं गेलं.

(दृश्य: मासुंदा तलाव, पहाटेचे फिरणारे लोक, मंदिराचा कळस)

किल्ल्यावरून चालत तलावपाळीला या. वाटेत जांभळी नाक्याचा बाजार लागतो, भाजी आणि फुलांचा. सकाळी लवकर गेलात तर खरा. तलावाकाठी कौपिनेश्वराचं मंदिर. जागा शिलाहारांच्या काळातली मानतात, आज दिसतं ते मंदिर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये बांधलेलं. आतली पिंडी पाहूनच थबकायला होतं, इतकी मोठी. तलावाच्याच काठी सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, १६६३ पासूनचं. टेंभी नाक्याकडे वळलात तर बेने इस्रायलींचं शार हाशामाईम सिनेगॉग, १८७९ चं. घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू माणसांनी उभारलेलं. आत जायचं तर आधी परवानगी घ्या. पुस्तकांत रमणारा माणूस सोबत असेल तर त्याला स्टेशनजवळ मराठी ग्रंथ संग्रहालयात सोडा. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांनी मित्रांसोबत ते सुरू केलं.

भूक लागली असेल तर मामलेदार कचेरीपाशी मिसळ आहे. पहिल्यांदा खाणाऱ्यानं मध्यम तिखट मागावी.

(दृश्य: चेंदणी कोळीवाडा, गल्ल्या; मीठबंदर रस्ता; होडीतून जाळी उतरवताना)

आता रूळ ओलांडून पूर्वेला. चेंदणी कोळीवाडा ठाण्याच्या जुन्या वस्त्यांपैकी एक, रेल्वेनं मधोमध चिरलेला. पुढे मीठबंदर. नावावरूनच कळतं इथून काय जायचं ते. मिठागरं होती, खाजणं होती, त्यांच्या कडेनं तिवरांची दाट रांग.

हे जाळं पाहा. याला डोल म्हणतात. तोंडाशी रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं, आकार पिशवीचा. खुंटांना बांधून ते प्रवाहाच्या तोंडी सोडतात. मासळीच्या मागे धावायचं नाही. पाण्याला ओढ लागली की जवळा, कोलंबी आपोआप आत शिरते, आणि पाणी थबकलं की जाळं उचलायचं. म्हणून कोळ्याचा दिवस घड्याळावर चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, ओढ जोरात. मधल्या दिवसांत भांग, ओढ मंद. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते आणि घरातलं जेवणखाणसुद्धा तिच्यामागे सरकतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतील, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्यांची बिळं दिसतील. लहान मुलांना इथे जरूर आणा.

(दृश्य: ऐरोलीची जेटी, बोट सुटताना, मग रोहितांचे थवे, लांब भिंगातून)

खाडी पाण्यातून पाहायची असेल तर पूल ओलांडून नवी मुंबईत, ऐरोलीला. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथूनच बोट सुटते. २०१५ मध्ये या पट्ट्याला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं. साधारण १,६९० हेक्टर. त्यातलं ८९६ हेक्टर तिवरांचं जंगल, उरलेलं पाणी आणि चिखल. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतही नाव लागलं.

बोटीची वेळ रोज बदलते, त्यामागे कारण आहे. ओहोटी पूर्ण लागली की बोट चिखलात रुतते. भरती पूर्ण चढली की पक्ष्यांचा चिखल पाण्याखाली जातो आणि ते उडून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन थांबतात. दोन्हींच्या मधला थोडा वेळ असतो. पाणी बोट तरंगण्याइतकं आणि काठचा चिखल उघडा. तेवढ्या वेळेत फेरी बसवतात. त्यामुळे आपल्या सोयीनं रविवारी दुपारी गेलो आणि बोट मिळाली, असं इथे होत नाही. आधी वेळ विचारा, मगच दिवस ठरवा.

आता पडद्यावर गुलाबी रेघ दिसतेय, ते पक्षी आहेत. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. बहुतेक लहान रोहित, अधूनमधून उंच मानेचा मोठा रोहित. गुजरातच्या बाजूनं येतात. साधारण नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत मुक्काम. काही हंगामांच्या गणनेत संख्या लाखाच्या वर गेली आहे. खाण्याची पद्धत पाहा. मान खाली, डोकं उलटं, चोच पाण्यात. जीभ पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडेला बारीक पट्ट्यांची चाळणी असते, तिच्यात निळं-हिरवं शेवाळ अडकतं. पिसांचा रंगही या खाण्यातूनच येतो. पाय थोडे हलवत, चिखल ढवळत, तासन् तास हेच चालतं. बोटवाल्याला इंजिन बंद करायची विनंती करा. हजारो चोचींचा तो बुडबुड आवाज ऐकायला मिळतो, आणि थव्याला उठवायचंही टळतं.

हे शेवाळ वाढतं ते बऱ्याच अंशी आपल्या सांडपाण्यावर, आणि तेच सांडपाणी कोळ्यांच्या मासळीच्या मुळावर आलंय. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं, आणि तिथे काही रोहित मेले.

(दृश्य: बेलापूरचा बुरूज, घोडबंदर, किल्ल्यावरून वसईची खाडी, अंबरनाथ)

एक दिवस हाताशी असेल तर पाण्याच्या काठानंच पुढे जा. दक्षिणेला बेलापूरचा किल्ला. थोडे अवशेष उरलेत, पण खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला ही जागा का निवडली, ते तिथे उभं राहिल्यावर पटतं. वायव्येला घोडबंदर, किल्ल्यावरून वसईची खाडी लांबवर दिसते. येऊरला जायचं तर पावसाळ्यात, पहाटे, आणि गाडीतली गाणी बंद ठेवून. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आत आदिवासी पाडे आहेत.

अंबरनाथ मात्र चुकवू नका. वालधुनी नदीच्या काठावर शिलाहारांचं शिवमंदिर, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर रिकामी जागा सापडत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात शिल्पं उठून दिसतात. ठाण्याहून बदलापूर किंवा कर्जत लोकल पकडा, अंबरनाथ पूर्वेला उतरा, तिथून रिक्षा मिळते. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. शिल्पं निवांत पाहायची असतील तर दुसरा एखादा दिवस निवडा.