पहाटे पावणेपाच, पाच झाडं आणि रामा राघोबा राणे

नमस्कार मंडळी. आवाज जरा हळू ठेवतोय, कारण मी ठाण्यात तलावपाळीवर उभा आहे आणि पहाटेचे पावणेपाच वाजलेत. माझा चेहरा तुम्हाला धड दिसत नसेल. हा अंधार तुम्हाला दाखवायचा होता.

१० एप्रिल १९४८. याच वेळेला जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे कामाला लागले. रस्त्यात आडवी पाडलेली पाच मोठी पाइनची झाडं, भोवती सुरुंग, आणि त्यावर रोखलेल्या मशीनगन. राजौरी पाकिस्तानी हल्लेखोरांच्या ताब्यात होतं. तिथं पोचायला रणगाडे हवेत, आणि रणगाड्यांना रस्ता हवा.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या इंजिनिअर दलाचे. अधिकारी होऊन जेमतेम चार महिने झालेले. सॅपरचं काम म्हणजे वाट मोकळी करणं. सुरुंग शोधताना माणूस पोटावर झोपतो, संगिनीच्या टोकानं माती तिरकी टोचत सरकतो. टोकाला काही कडक लागलं की थांबायचं, बोटांनी हळूहळू माती बाजूला करायची. वरून गोळ्या येत असतात आणि उलट गोळी झाडायला हात मोकळाच नसतो! चढाई करणाऱ्याचं शौर्य मोठंच, पण हे माझ्या जास्त अंगावर येतं.

बरं, राणे तेव्हा धडधाकटही नव्हते. ८ तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत ते स्वतः. तरी तुकडी पुन्हा उभी केली आणि शत्रूच्या डोळ्यांदेखत रात्री १० पर्यंत काम केलं.

ती पाच झाडं साडेसहाला हटली. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळे. इथून ठाणे स्टेशन साधारण तेवढंच. आपण गर्दीतही पंधरा मिनिटांत पोचतो. राण्यांना साडेदहा वाजले. चार तास, मशीनगनच्या माऱ्याखाली.

दुपारी २ ला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. पण मागून सामानाच्या गाड्या यायच्या होत्या. म्हणून राणे रात्री ९ पर्यंत उपाशीपोटी, न थांबता रस्ता साफ करत राहिले. ८ ते ११ एप्रिल, याच चार दिवसांसाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. चौथा दिवस ११ तारखेचा. सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात, ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता गाड्यांसाठीही खुला. आणि त्या रात्री १० वाजेपर्यंत ते चिंगसच्या पुढचा रस्ता मोकळा करत होते.