शेवटच्या इंजेक्शननंतरचे आठवडे

नमस्कार. वजन आणि साखर कमी करणारे साप्ताहिक इंजेक्शन सुरू करायचे ठरले की रुग्ण माझ्यासमोर अर्धा-अर्धा तास बसतात. सुई कुठे टोचायची, मळमळ झाली तर काय करायचे, डोस कधी वाढवायचा, हे सगळे ते वहीत उतरवून घेतात. बंद करण्याचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा उठता-उठता, दाराच्या कडीला हात लावून विचारला जातो: "आणि डॉक्टर, हे सोडायचं झालं तर?" त्याचे उत्तर दारात उभे राहून देता येत नाही, म्हणून आजचे व्याख्यान मी फक्त त्या प्रश्नासाठी राखून ठेवले आहे.

मी ज्या औषधांबद्दल बोलणार आहे ती म्हणजे सेमाग्लुटाइड, जे ओझेम्पिक आणि वेगोव्ही या नावांनी ओळखले जाते, आणि टिर्झेपेटाइड, म्हणजे मौंजारो आणि झेपबाउंड. आपल्या आतड्यातून जेवणानंतर जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते. पण रक्तात आल्यावर अवघ्या एक-दोन मिनिटांत ते निम्मे नष्ट होते. सेमाग्लुटाइड त्याच संदेशाची नक्कल करते, मात्र त्याची रचना अशी बदललेली आहे की ते निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. टिर्झेपेटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते आणि सुमारे पाच दिवसांत निम्मे होते. आठवड्यातून एकदाच टोचून भागते ते यामुळेच, आणि बंद करताना होणारी सर्वांत मोठी फसगतही यातूनच होते.

हा हिशेब कागदावर मांडून पाहा. सेमाग्लुटाइडचा शेवटचा डोस घेऊन दोन आठवडे झाले की एक चतुर्थांश औषध उरते, तीन आठवड्यांनी एक अष्टमांश, चौथ्या आठवड्याअखेर एक सोळांश, आणि पाच आठवड्यांनंतर जवळजवळ काहीच नाही. याचा अर्थ, औषध बंद केल्याची तारीख आणि औषध शरीरातून गेल्याची तारीख यांत एक महिन्याहून अधिक अंतर असते. माझ्याकडे येणाऱ्या एका मधुमेही गृहस्थांनी कोणालाही न विचारता इंजेक्शन थांबवले आणि तिसऱ्या आठवड्यात विजयी मुद्रेने साखरेच्या नोंदींची वही माझ्यापुढे ठेवली. उपाशीपोटीची साखर 108, 112, 110. "बघा, काहीच झालं नाही. उगाच टोचत होतो." मी त्यांना एवढेच म्हटले, की वही भरत राहा आणि महिन्याने पुन्हा या. ते आले अडीच महिन्यांनी. वहीची मधली पाने कोरी होती, कारण सगळे ठीक आहे असे वाटल्यावर त्यांनी तपासणेच सोडले होते, आणि शेवटच्या पानावर त्या दिवशी सकाळची एकच नोंद होती: 214. जेव्हा औषधाचा असर अजून शिल्लक होता तेव्हा त्यांनी रोज साखर मोजली, आणि असर संपला तेव्हा मोजणे थांबवले. ही चूक त्यांची एकट्याची नव्हे. बंद करण्याच्या बेताविना बंद केलेल्या जवळपास प्रत्येक औषधाची कथा अशीच असते. म्हणून आपल्या दिनदर्शिकेवर खूण करायची असेल तर ती शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी करण्यापेक्षा त्यानंतरच्या चौथ्या आठवड्यापासून पुढच्या सहा महिन्यांवर करा.

आता वजनाकडे वळू. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 68 आठवडे सेमाग्लुटाइड घेऊन मग ते थांबवलेल्या लोकांकडे वर्षभर लक्ष ठेवले गेले. त्याची सरासरी शंभर किलो वजनाच्या माणसाच्या भाषेत सांगायची, तर तो सुमारे 83 किलोवर आला आणि औषध थांबल्यावर वर्षभरात 94 किलोच्या आसपास परतला. गमावलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. सुधारलेला रक्तदाब आणि इतर मोजमापेही बरीचशी मूळ जागी सरकली. टिर्झेपेटाइडच्या अशाच एका चाचणीत 36 आठवडे सगळ्यांना औषध दिले आणि मग त्यांच्यापैकी निम्म्यांना नकळत पाण्यासारखे निष्क्रिय इंजेक्शन सुरू केले. शंभर किलोचा माणूस 79 किलोवर आला होता. औषध चालू राहिलेले पुढच्या वर्षभरात आणखी घटून 75 च्या जवळ गेले, औषध काढलेले 90 पर्यंत चढले.

या आकड्यांवर रुग्णांची पहिली प्रतिक्रिया अपराधीपणाची असते, आणि ती मला खटकते. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले होते की केवळ आहाराने वजन उतरवलेल्या लोकांमध्येही भूक वाढवणारी आणि भूक शमवणारी संप्रेरके वर्षभरानंतरसुद्धा पूर्वस्थितीला आलेली नव्हती. शरीर गेलेले वजन वसूल करण्याच्या तयारीतच होते. औषध त्या तयारीवर झाकण ठेवते. झाकण काढले की आतले बाहेर येते, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. रुग्ण ज्याला "डोक्यातली खाण्याची भुणभुण" म्हणतात ती परत सुरू होते, आणि ती सुरू होणार हे आधी माहीत असलेला माणूस तिला घाबरून जात नाही. मात्र सरासरी म्हणजे प्रत्येकाचे भविष्य नव्हे हेही टिर्झेपेटाइडच्या त्याच चाचणीतून दिसते: औषध काढलेल्यांपैकी साधारण सहातल्या एकाने उतरवलेल्या वजनाचा किमान चार-पंचमांश भाग वर्षभर टिकवून ठेवला होता.

तेव्हा सोडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: का सोडायचे आहे? कारण बदलले की पद्धत बदलते. पोटात वरच्या भागात तीव्र, न थांबणारी, पाठीकडे जाणारी वेदना, सोबत उलट्या, असे झाले तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. तिथे बेत, टप्पे वगैरे काही नाही, पुढचे इंजेक्शन घ्यायचे नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. मळमळ किंवा बद्धकोष्ठतेला कंटाळून सोडत असाल तर आधी डोस एक पायरी खाली आणून पाहण्याविषयी बोला. पुष्कळांना सोडण्याची गरजच उरत नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते, कारण ते शरीरातून फार सावकाश जाते, आणि तोपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवायचे. वजन उतरल्यावर अनियमित पाळी सुधारून अपेक्षेपेक्षा लवकर दिवस जातात, हे अनेकींना उशिरा कळते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगा. जठर सावकाश रिकामे होत असल्याने उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकते आणि भुलेखाली ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पण सगळ्यांनीच थांबवायचे असा सरसकट नियम आता राहिलेला नाही. कोणी थांबवायचे आणि कोणी फक्त आदल्या दिवशी द्रव आहारावर राहायचे, हे ते डॉक्टर ठरवतील.

उरले सर्वांत मोठे कारण: "आता वजन झालं कमी, मग कशाला?" इथे मी थोडा थांबतो. रक्तदाबाची गोळी घेऊन रक्तदाब आटोक्यात आला म्हणून ती गोळी आपण सोडत नाही, हे लोकांना पटते. वजनाच्या बाबतीत मात्र ते पटत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनीही सुरुवातीला ते पटवून दिलेले नसते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या व्यक्तीने तर आणखी विचार करावा. सेमाग्लुटाइडमुळे अतिरिक्त वजन आणि आधीचा हृदयविकार असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 20 टक्क्यांनी घटले, हे 2023 मधल्या मोठ्या चाचणीने दाखवले आहे. अशा रुग्णाने औषध सोडणे म्हणजे केवळ काट्यावरचा आकडा पणाला लावणे नव्हे.

मधुमेह असेल तर आणखी एक गुंता असतो, आणि माझ्या मते सुरक्षितपणे बंद करण्याचे निम्मे काम त्याच्यापाशीच आहे. इंजेक्शन सुरू झाले तेव्हा साखर फार खाली जाऊ नये म्हणून तुमच्या डॉक्टरांनी बहुधा ग्लिमेपिराइडसारखी गोळी कमी केली असेल किंवा इन्सुलिनची मात्रा उतरवली असेल. वजन घटल्यावर रक्तदाबाची एखादी गोळीही कमी झाली असेल. आता आधार काढून घेताना या कमी केलेल्या गोष्टींकडे पुन्हा पाहावे लागते. ते कोणी पाहिले नाही तर रुग्ण एक औषध सोडतो आणि प्रत्यक्षात तीन औषधांविना राहतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीची चिठ्ठी शोधा, आजची चिठ्ठी तिच्या शेजारी ठेवा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. जुन्या मात्रा स्वतःहून परत सुरू करू नका, कारण औषध अजून अंगात असताना पूर्वीचे इन्सुलिन पूर्ण मात्रेत घेतले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आणि इंजेक्शनबरोबर "सगळंच एकदम" म्हणून मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिनही सोडून देण्याचा उत्साह तर कोणी दाखवू नये.

साखर वजनाच्या आधी वर येते. वजन महिन्या-महिन्याने चढते, साखर औषधाचा असर ओसरू लागताच चढू शकते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी इथे सुरुवातीला उपयोगाची नाही. सहाव्या आठवड्यात केली तर तिच्यात औषध चालू असतानाचे चांगले दिवसही मिसळलेले असतात आणि ती खोटा दिलासा देते. पहिल्या तीन महिन्यांत घरच्या ग्लुकोमीटरवर विश्वास ठेवा, आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तहान वाढली, रात्री लघवीला वारंवार उठावे लागले, नजर धूसर झाली, तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. मधुमेह शमला की नाही हेसुद्धा तेव्हाच म्हणता येते, जेव्हा साखरेची सगळी औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीए१सी 6.5 टक्क्यांच्या खाली असते. औषध चालू असताना 5.8 आली म्हणजे "मधुमेह गेला" असे नव्हे.

मग हळूहळू बंद करायचे की एकदम? या औषधाची सवय लागत नाही, सोडल्यावर अंग थरथरणे वगैरे होत नाही, आणि औषध स्वतःच पाच आठवडे रेंगाळत असल्याने एकदम थांबवले तरी शरीराच्या दृष्टीने ते उतारावरूनच जाते. पायरी-पायरीने उतरवल्याने वजन नक्की टिकते असा दावा मी करणार नाही. तरीही ज्यांना घाई नाही त्यांच्याबाबतीत मी टप्प्यानेच जातो, उदाहरणार्थ 2.4 मिलिग्रॅमवरून 1.7 आणि मग 1 वर, प्रत्येक पायरीवर एक-दोन महिने थांबत. याचे कारण साधे आहे: भूक कुठल्या पायरीला परत येते हे रुग्णाला स्वतःच्या अंगावर कळते. कुणाला ती खालच्या पायरीवरही आटोक्यात राहते, आणि मग त्या छोट्या डोसवर राहण्याचा पर्याय खुला असतो.

औषध चालू असतानाच करायची एक तयारी आहे, जी सोडल्यावर सुरू केली तर उशीर होतो. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात, आणि परत येणारे वजन मुख्यतः चरबीच्या रूपाने येते. कोपनहेगनमध्ये झालेल्या एका चाचणीत काहींना वर्षभर लिराग्लुटाइड हे याच कुळातले रोज घ्यायचे इंजेक्शन दिले, तर काहींना औषधाबरोबर देखरेखीखालचा व्यायामही. दोन्ही थांबल्यानंतर एका वर्षाने पाहिले तेव्हा व्यायामाची जोड मिळालेल्यांनी वजन जास्त टिकवले होते. जेवणात पुरेशी प्रथिने आणि आठवड्यातून किमान दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे शेवटच्या इंजेक्शनच्या तीन-चार महिने आधी अंगवळणी पडलेले असावे. भूक परत आल्यावर नवी शिस्त लावणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर छप्पर शाकारणे.

शेवटी, परत सुरू करण्याविषयी. आठवड्यातून एकदा वजन करा, आणि किती किलो वाढल्यावर डॉक्टरांकडे परत यायचे तो आकडा आधीच ठरवून ठेवा. मी सहसा तीन ते चार किलो सांगतो. मात्र फ्रिजच्या दारात उरलेले इंजेक्शनचे जुने पेन काढून जिथे सोडले तिथूनच टोचू नका. माझ्या एका रुग्ण बाईंनी तीन महिन्यांच्या खंडानंतर थेट पूर्वीचा मोठा डोस घेतला आणि दोन दिवस पाण्याचा घोटही पोटात ठरला नाही. शेवटी शिरेतून सलाइन द्यावे लागले. पोटाला झालेली सवय खंडात मोडलेली असते, म्हणून मोठ्या खंडानंतर पुन्हा सर्वांत लहान डोसपासून, सेमाग्लुटाइड असेल तर 0.25 मिलिग्रॅमपासून आणि टिर्झेपेटाइड असेल तर 2.5 पासून, चढावे लागते. टिर्झेपेटाइड पुन्हा सुरू करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी सुरुवातीचे चार आठवडे, आणि प्रत्येक वाढीनंतरचे चार आठवडे, दुसरे साधनही वापरावे, कारण त्या काळात गोळी पुरेशी शोषली जाईलच असे नाही. पेन उघडून किती दिवस झाले हेही पाहा. उघडलेल्या पेनची मुदत त्याच्या पत्रकात दिलेली असते, आणि ती डब्यावर छापलेल्या तारखेपेक्षा बरीच आधी संपते.

आता तुमचे प्रश्न घेतो. दाराजवळ उभे असलेल्यांनी कृपया खुर्चीत बसून विचारावे.